बिअरला लोण्याचा, पुठ्ठ्याचा, दवाखान्याचा वास का येतो? नाकाला काय कळतं आणि काय अजिबात कळत नाही

पुणे : बिअरचा ग्लास तोंडाला लावला आणि लोण्याचा वास आला. ही भेसळ, शिळेपणा की बनवणाऱ्याची चूक? बहुतेक जण "खराब आहे" एवढंच म्हणून ग्लास सरकवतात, काही जण पैसे दिलेत म्हणून पिऊन टाकतात. दोन्हीत नेमकं कारण कळत नाही.

२००९ साली पुण्यात डूलाली सुरू झाली. राज्यातली ही पहिली मायक्रोब्रुअरी. हॉटेलाच्याच जागेत बिअर शिजवायची, आंबवायची आणि नळातून थेट ग्लासात द्यायची, असा हा प्रकार. त्यानंतर शहरात अशा बऱ्याच ब्रुअऱ्या निघाल्या. ही बिअर सहसा पाश्चराइज केलेली नसते. म्हणजे पिशवीतलं दूध आणि धारेचं दूध यात जो फरक, तोच बाटलीतल्या कंपनीच्या बिअरमध्ये आणि हिच्यात. चव ताजी असते, पण बिघडायलाही वेळ लागत नाही. गावाकडची बरीच मुलं शहरात हॉटेल लाइनला आहेत, टाक्या धुण्यापासून नळ चालवण्यापर्यंतची कामं करतात. त्यांना हे माहीत असलेलं बरं, आणि पिणाऱ्यालाही.

घरी बनवायची का? आधी कायदा

यूट्यूबवर घरच्या घरी बिअर बनवायचे व्हिडिओ भरपूर आहेत. त्यातले बरेचसे अमेरिकेतले. तिथे १९७८ च्या कायद्याने घरच्या वापरापुरती बिअर बनवायला मोकळीक मिळाली. आपल्याकडे तसं नाही. महाराष्ट्र दारूबंदी कायदा, १९४९ प्रमाणे परवान्याशिवाय मद्य तयार करणं हा गुन्हा आहे, मग ते विकायला असो की घरात प्यायला. तुरुंगवास आणि दंड दोन्ही होऊ शकतात. "मी विकत नाही, मित्रांसाठी बनवतो" हे उत्तर राज्य उत्पादन शुल्क विभागापुढे चालत नाही. त्यामुळे पुढची माहिती व्हिडिओ बघून डबा मांडण्यासाठी नाही. बिअरमध्ये काय बिघडतं, ते कसं ओळखायचं आणि खरा धोका कुठे असतो, यासाठी आहे. यातलं बरंचसं ताक, आंबील, इडलीचं पीठ, घरचा व्हिनेगर यांनाही लागू पडतं.

बिअर म्हणजे नेमकं काय

नाचणीला मोड आणून, वाळवून, दळून आपण नाचणी माल्ट करतो. तसाच जवाचा म्हणजे बार्लीचा माल्ट करतात. तो भरडून साधारण ६५ अंश गरम पाण्यात तासभर ठेवला की पिष्ठाची साखर होते. हे गोड पाणी गाळून तासभर उकळतात, त्यात हॉप्स नावाच्या वेलीची कडू फुलं घालतात, झटक्यात थंड करतात आणि यीस्ट सोडतात. यीस्ट साखर खातं, अल्कोहोल आणि गॅस सोडतं. एवढंच काम आहे.

यात एक रेघ पक्की लक्षात ठेवायची. उकळताना बिअर बिघडवणारे जंतू मरतात. म्हणून उकळीच्या आधीची बारीकसारीक अस्वच्छता बहुतेक वेळा खपून जाते, पण उकळी थांबल्यानंतर त्या पाण्याला ज्या ज्या वस्तूचा स्पर्श होतो ती प्रत्येक वस्तू संशयित. पाइप, झडप, झाकणाचं रबर, चमचा, हात, हवेतला भुसा, सगळंच.

दोष थांबलाय की वाढतोय?

बिअरमधले दोष दोन घरचे. एक बनवणाऱ्याच्या चुकीचे : तापमान चुकलं, घाई झाली, पाणी खराब होतं. दुसरे बाहेरून घुसलेल्या जंतूंचे. वास दोन्हीचा सारखाच असू शकतो. म्हणून नुसत्या वासावर निकाल देऊ नये. ओळखायची जुनी रीत अशी : त्याच बिअरचा नमुना आठ-पंधरा दिवसांनी पुन्हा बघायचा. बनवण्यातल्या चुकीचा दोष बहुधा आहे तिथेच थांबतो किंवा कमी होतो. जंतूंचा दोष वाढतो. आंबटपणा चढत जातो, गॅस वाढतो, बिअर गढूळ होत जाते, कारण जंतू अजून जेवतायत.

हा फरक पहिल्यांदा नीट पाहिला तो लुई पाश्चरने, आणि तोही बिअरमध्ये नव्हे. १८५६ साली फ्रान्समधल्या लिल शहरात बीटच्या रसापासून अल्कोहोल काढणाऱ्या एका कारखानदाराच्या टाक्या आंबट व्हायला लागल्या. आपल्याकडे मळीपासून अल्कोहोल काढतात त्यातलाच प्रकार. पाश्चरने सूक्ष्मदर्शकाखाली बघितलं तर चांगल्या टाकीत गोल गोल यीस्ट, आणि बिघडलेल्या टाकीत त्याहून बारीक, लांबट काड्या. त्या काड्या म्हणजे दुधाचं दही करणाऱ्या गोतावळ्यातले जिवाणू. १८७६ मध्ये त्याने बिअरच्या बिघाडावर आख्खं पुस्तक लिहिलं. पुढे १८८३ साली कोपनहेगनच्या कार्ल्सबर्ग प्रयोगशाळेत एमिल हॅन्सनने दाखवलं की बिअर बिघडवणारं कधी कधी खुद्द यीस्टच असतं, फक्त जंगली जातीचं. त्याने एका पेशीपासून शुद्ध यीस्ट वाढवलं आणि तेव्हापासून "बियाणं शुद्ध पाहिजे" हे ब्रुअरीवाल्यांना पटलं. शेतकऱ्याला हे वेगळं सांगायला नको.

पुण्यात पाषाण रस्त्यावरच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत, म्हणजे एनसीएलमध्ये, औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह आहे. यीस्ट, बुरशी, जिवाणू यांचे शुद्ध वाण तिथे जपून ठेवलेले असतात. मांजरीची वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट आपल्याला उसासाठी माहीत आहे, पण मळीच्या आंबवणीचं कामही तिथे चालतं. तिथला शत्रूही तोच, पाश्चरच्या काड्यांचा.

लोण्याचा वास

हा सगळ्यात जास्त भेटणारा दोष. लोणी, पॉपकॉर्न किंवा टॉफीसारखा वास, जिभेवर तेलकट गुळगुळीतपणा. कारण डायअ‍ॅसिटिल नावाचा पदार्थ. चांगल्या विरजणाच्या ताज्या लोण्याला जो वास येतो तो मुख्यतः याचाच, म्हणून हा विषारी वगैरे नाही. यीस्ट आंबवताना हा पदार्थ आधी तयार होतो आणि शेवटी यीस्टच तो परत खाऊन टाकतं. घाईघाईने बिअर थंड करून यीस्ट खाली बसवलं तर तो तसाच राहतो. उपाय म्हणजे आंबवण संपत आल्यावर दोन-तीन दिवस तापमान जरा वर, १८ ते २० अंशांवर ठेवायचं आणि यीस्टला त्याचं काम पुरं करू द्यायचं.

चाचणीही सोपी आहे. एकाच बिअरचे दोन झाकणबंद नमुने घ्यायचे. एक गरम पाण्यात साधारण ६० अंशांवर वीस मिनिटं ठेवून गार करायचा, दुसरा तसाच. गरम केलेल्यातच लोण्याचा वास आला तर बिअर अजून कच्ची आहे, थांबायला हवं.

पण बिअर तयार होताना ठीक होती आणि नंतर नळातून लोण्याचा वास यायला लागला, तर मामला वेगळा. तिथे पेडिओकोकस नावाचा जिवाणू असण्याची शक्यता मोठी. हा कधी कधी बिअरला तार आणतो. पाक एकतारी झाला की जसा ओघळतो, तशी बिअर ओतताना चिकट दिसते. तार दिसली की चर्चा संपली, ती टाकी ओतून द्यायची.

दवाखान्याचा वास

जखमेची पट्टी, टिंक्चर, धुतलेली फरशी, असा वास आला तर आधी पाण्याकडे बघायचं. महापालिकेच्या पाण्यात क्लोरिन असतं, गावात टीसीएल पावडर टाकतात. माल्टमधले फिनॉल आणि हे क्लोरिन एकत्र आले की क्लोरोफिनॉल तयार होतं, आणि माणसाचं नाक त्याला फार तिखट. दहा हजार लिटरच्या टँकरमध्ये एखाद-दोन थेंब पडावेत एवढ्यानेही चव कळते. उकळून किंवा कोळशाच्या फिल्टरमधून काढून पाण्यातलं क्लोरिन घालवता येतं. दुसरं कारण म्हणजे ब्लिचने भांडं धुतलं आणि नीट विसळलं नाही. हा वास एकदा आला की जात नाही, कितीही दिवस ठेवा.

इथेच एक धोक्याची सूचना. ब्लिच किंवा टीसीएल कुठल्याही अ‍ॅसिडबरोबर कधीही एकत्र करू नये. क्लोरिन गॅस सुटतो आणि बंद खोलीत जीव जाऊ शकतो. टाक्या धुणाऱ्या पोरांना हे कुणीतरी पहिल्याच दिवशी सांगायला पाहिजे, पण प्रत्येक ठिकाणी सांगितलं जातंच असं नाही.

लवंगेचा वास मात्र वेगळा धरायचा. गव्हाच्या जर्मन पद्धतीच्या बिअरला लवंग आणि पिकल्या केळ्याचा वास मुद्दाम आणलेला असतो, तो त्या यीस्टचा गुण. साध्या बिअरला लवंग आली तर जंगली यीस्ट शिरलं असं समजावं.

बाकीचे वास

कच्च्या हिरव्या सफरचंदाचा वास म्हणजे बिअर वेळेआधी काढली. शिजलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास असेल तर उकळताना भांड्यावर झाकण ठेवलं होतं किंवा थंड करायला उशीर झाला. माल्टमधून निघणारा गंधकाचा एक पदार्थ वाफेबरोबर उडून जायला हवा, झाकण ठेवलं की तो परत आत पडतो. सडक्या अंड्याचा हलका वास लागर यीस्टला सुरुवातीला येतोच, तो आपोआप जातो.

नेलपॉलिश काढायच्या द्रावणासारखा वास आणि घशाला जळजळ, हा पुण्याच्या उन्हाळ्याचा दोष. एल जातीच्या यीस्टला १८ ते २२ अंश मानवतात, लागरला त्याहून बरेच कमी. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीकडे जातो तेव्हा कूलिंग बंद पडलं की यीस्ट वेड्यासारखं धावतं आणि जड, कडक अल्कोहोल तयार करतं. अशी बिअर पिऊन दुसऱ्या दिवशी डोकं जास्त दुखतं असं बरेच जण सांगतात.

ओल्या पुठ्ठ्याची चव म्हणजे बिअरमध्ये हवा शिरली किंवा ती जुनी झाली, उन्हात फिरली. आणि हिरव्या किंवा पांढऱ्या काचेच्या बाटलीला ऊन लागलं तर काही मिनिटांत उग्र, लसणासारखा गंधकी वास येतो. तपकिरी बाटली यासाठीच असते. दुकानाच्या दारात उन्हात मांडलेला क्रेट घेऊ नये, ही साधी गोष्ट.

आंबट बिअरचे दोन प्रकार. दह्यासारखा आंबटपणा लॅक्टोबॅसिलसचा, त्याला हवा लागत नाही. व्हिनेगरसारखा झोंबणारा आंबटपणा अ‍ॅसिटोबॅक्टरचा, त्याला हवा लागतेच. म्हणून व्हिनेगरचा वास आला की झाकण, झडप, अर्धी रिकामी टाकी तपासायची.

जंतू येतात कुठून

दूध डेअरीला घालणाऱ्याला हे लगेच कळेल. कॅन वरून चकचकीत दिसतो, पण झाकणाच्या रबरात बोट घातलं की वास येतो. दुधाच्या कॅनला आतून पांढरट खरपुडी धरते तशीच बिअरच्या टाकीलाही धरते आणि जंतू तिच्याखाली लपतात. वरून कितीही औषध ओता, त्यांच्यापर्यंत पोहोचत नाही. म्हणून आधी घासून, कॉस्टिक आणि नंतर अ‍ॅसिडने थर काढायचा, मगच निर्जंतुक करायचं. घाणीवर जंतुनाशक ओतणं म्हणजे तणावर खत टाकणं.

दुसरी जागा म्हणजे माल्ट भरडायची खोली. धान्याच्या सालीवर लॅक्टोबॅसिलस नैसर्गिकच असतो. भरडताना उडालेली धूळ आंबवण्याच्या टाकीजवळ गेली की झालं. भरडा एकीकडे आणि टाकी दुसरीकडे, मधे बंद दार, एवढं तरी हवं.

तिसरी आणि ग्राहकाच्या सगळ्यात जवळची जागा म्हणजे नळ. टाकीतली बिअर उत्तम असते आणि नळाच्या पाइपात बिघडते. हे पाइप दर दोन आठवड्यांनी धुवावेत असा जगभरचा शिरस्ता आहे. पहिल्या ग्लासाला लोणी किंवा व्हिनेगरचा वास आणि तिसऱ्या-चौथ्या ग्लासाला कमी, असं झालं तर दोष नळाचा. ग्राहकाने शांतपणे सांगावं, ग्लास बदलून मागावा. त्यात भांडण्यासारखं काही नाही.

बनवणारे एक चाचणी करतात. उकळून थंड केलेलं गोड पाणी, यीस्ट घालायच्या आधी, निर्जंतुक बाटलीत घेऊन उबदार जागी तीन दिवस ठेवतात. स्वच्छ राहिलं तर काम चोख. गढूळ झालं, गॅस धरला तर रस्त्यात कुठेतरी जंतू शिरले. दुसरं साधन हायड्रोमीटर, म्हणजे लॅक्टोमीटरचाच भाऊ. आकडा तीन दिवस हलला नाही की आंबवण संपली. संपल्यानंतर पुन्हा उतरायला लागला तर जंगली यीस्ट आत आहे. अशी बिअर काचेच्या बाटलीत भरली तर दाब वाढून बाटली फुटते, आणि काचा डोळ्यात गेल्याचे प्रकार जगभर झाले आहेत. फुगलेली बाटली हातात धरून उघडायची नाही.

पृष्ठभागावर पांढरी, सुरकुतलेली साय दिसली तर ते जंगली यीस्ट किंवा जिवाणू. चव गेली, पण सहसा विष नसतं. केसाळ, हिरवी-काळी बुरशी दिसली तर मात्र वरची काढून खालची वापरायची नाही, सगळंच फेकायचं.

ज्याला वास नाही तो धोका

आता महत्त्वाचं. वर सांगितलेले जवळजवळ सगळे दोष तोंड वाकडं करायला लावतात, जीव घेत नाहीत. नीट आंबलेल्या बिअरमध्ये अल्कोहोल, आम्लता आणि हॉप्स असल्याने माणसाला आजारी पाडणारे नेहमीचे जंतू तिथे वाढत नाहीत. (न आंबलेलं गोड पाणी तसं सुरक्षित नसतं, ते ठेवून पिऊ नये.) जीव घेणाऱ्या गोष्टी वेगळ्याच आहेत आणि त्या नाकाला कळत नाहीत.

पहिली गोष्ट मिथेनॉल. जवाच्या बिअरमध्ये ते नगण्य तयार होतं. माणसं मरतात ती कारखान्यातलं मिथेनॉल दारूत मिसळल्यामुळे. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत अशाच दारूने शंभरावर माणसं गेली. मिथेनॉलचा वास आणि चव साध्या दारूपेक्षा वेगळी कळत नाही. सुरुवातीला साधी नशा वाटते, त्रास बहुतेक वेळा १२ ते २४ तासांनी सुरू होतो : पोटात कळा, उलट्या, डोळ्यांपुढे धुकं, श्वास जोरात. "उतरली की बरं वाटेल" म्हणून झोपवून ठेवण्यातच माणूस जातो. दिसायला कमी झालं की १०८ ला फोन करायचा, काय प्यायला आणि केव्हा ते डॉक्टरांना खरं सांगायचं, आणि सोबत प्यायलेल्या सगळ्यांनाही नेऊन तपासायचं, त्रास नसला तरी. वेळेत पोहोचलं तर उतारा आणि डायलिसिसने जीव आणि डोळे वाचू शकतात.

दुसरी गोष्ट भांडं. बिअर, ताक, आंबील, व्हिनेगर सगळे आंबट. आंबट पदार्थ कल्हई नसलेल्या तांब्या-पितळेत ठेवत नाहीत हे घरोघरी माहीत आहे. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्याच्या पिंपालाही तोच नियम, त्यातलं जस्त उतरतं आणि उलट्या होतात. आणि फवारणीच्या औषधाचा कॅन, रसायनाचा निळा ड्रम : कितीही वेळा धुतला, उन्हात वाळवला, वास गेला तरी खाण्यापिण्याला वापरायचा नाही. औषध प्लास्टिकमध्ये मुरतं आणि आत ठेवलेल्या पदार्थात हळूहळू उतरतं.

गोठ्यापर्यंत येणारा बिघाड

माल्ट गाळल्यावर उरणारा बार्लीचा चोथा जनावरांना चांगला. प्रथिनं बरी असतात, गाई आवडीने खातात. पण त्यात पाऊण भागाहून जास्त पाणी असतं. उन्हाळ्यात ढीग घालून ठेवला तर दोन-तीन दिवसांत तापतो, बुरशी धरतो. बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन खाद्यातून दुधात उतरतं आणि उकळल्याने जात नाही. दुधात ते किलोमागे ०.५ मायक्रोग्रॅमच्या वर नसावं अशी देशाची मर्यादा आहे. म्हणून आणलेला चोथा दोन दिवसांत संपेल एवढाच घ्यावा. जास्त मिळत असेल तर कोरडा चारा मिसळून, दाबून, हवा काढून मुरघासासारखा बंद करावा. तिथे आंबवायचं काम करतो तो लॅक्टोबॅसिलसच, ज्याला ब्रुअरीवाले टाकीजवळ फिरकू देत नाहीत.